बटणाचा हँडब्रेक ऑफ-रोड गाडीत का बिघडतो आणि दोष कसा शोधायचा

एका गाडीची हकीकत आधी सांगतो. मागच्या उजव्या चाकाच्या पार्किंग ब्रेक मोटरचा दोष-कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वारंवार येत होता. मालकाने मोटर बदलून घेतली. काही दिवस बरे गेले, मग एका खडकाळ वाटेवर पुन्हा पिवळा दिवा आणि पुन्हा तोच कोड. दुसरी नवी मोटर बसली, तिचीही तीच गत. गाडी माझ्याकडे आली तेव्हा सपाट जमिनीवर तिचं काहीच बिनसलेलं नव्हतं. स्विच ओढला की दोन्ही बाजूंनी मोटरची घरघर नीट ऐकू यायची. शेवटी गाडी स्टँडवर घेतली, मागची चाकं मोकळी लोंबू दिली आणि स्विच ओढला. डावी मोटर फिरली, उजवी गप्प. जॅकने उजवं चाक चार बोटं वर घेतलं, तर उजवीही फिरली.

सस्पेन्शनच्या आर्मवर वायर जिथे क्लिपने धरलेली होती, तिथे वरचं काळं आवरण शाबूत दिसत होतं. पण चिमटीत धरून सरकत गेलो तेव्हा एका जागी ती आतून पोकळ असल्यासारखी मऊ लागली. आवरण चिरलं, तर आतल्या तांब्याच्या तारा तुटून त्यांची टोकं हिरवी पडलेली. चाक खाली लोंबलं की टोकं दूर जायची, वर आलं की पुन्हा टेकायची. ब्रेकची मोटर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला एवढंच कळत होतं की उजव्या मोटरमधून करंट वाहत नाही, आणि तेवढंच ते सांगत होतं. ‘मोटर गेली’ हा अर्थ त्यातून माणसांनी काढला, तोही दोनदा, पैसे मोजून.

ऑफ-रोड गाडीच्या इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचे बहुतेक बिघाड असेच असतात. चिखल, पाणी, धूळ आणि सस्पेन्शनची सततची हालचाल यांचा मार आधी वायर, कपलर (वायरींचा जोड), रबरी बूट आणि शू (ड्रमला आतून दाबून चाक धरणारे तुकडे) यांना बसतो. मोटर आणि कंट्रोल युनिट हे महागडे भाग मात्र संशयाच्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसतात. ती यादी उलटी करायला हवी, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

आत काय चालतं

जुन्या हँडब्रेकला दांडा होता, केबल होती आणि जोर आपल्या मनगटाचा होता. बटणाच्या ब्रेकमध्ये तो जोर मोटर लावते. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये अशी यंत्रणा होती, आणि पुढच्या काही वर्षांत ती जड, फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांतही आली. हल्ली तिचे दोन मुख्य प्रकार दिसतात.

पहिल्या प्रकारात केबल शिल्लक आहे, फक्त ती ओढणारा हात बदलला. गाडीच्या पोटाखाली मोटरचा एक डबा असतो आणि तो मागच्या दोन चाकांकडे जाणाऱ्या केबली ओढतो. २००४ साली आलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ मध्ये हीच रचना आहे. तिच्या मागच्या डिस्कचा मधला खोलगट भाग हाच एक छोटा ड्रम असतो. पायाच्या ब्रेकला बाहेरची डिस्क आणि पार्किंग ब्रेकला आतले शू, अशी वाटणी.

दुसऱ्या प्रकारात मोटर थेट मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, पाठीवर बसवलेली असते. छोटी डीसी मोटर गिअर फिरवते, गिअर एक आटे पाडलेला स्पिंडल फिरवतो, स्पिंडलवरचा नट पिस्टनच्या आतून पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. ते आटे असे असतात की कितीही दाब आला तरी नट आपोआप मागे सरकत नाही. म्हणून एकदा आवळलेला ब्रेक धरून ठेवायला वीज लागत नाही. बॅटरी मेली तरी ब्रेक सुटत नाही, आणि बॅटरीवाचून तो बटणाने सोडवताही येत नाही.

पकड पुरेशी झाली हे युनिटला कसं कळतं? कॅलिपरवरच्या मोटरच्या बाबतीत उत्तर आहे, करंटवरून. पॅड डिस्कला टेकेपर्यंत मोटर मोकळी फिरते, तेव्हा करंट थोडा असतो. पॅड टेकले की मोटरला जोर लावावा लागतो आणि करंट चढत जातो. ठरलेल्या आकड्याला तो पोहोचला की युनिट वीज तोडतं. अंधारात माणूस हाताने चाचपतो, तसं हे युनिट करंटने चाचपतं. त्यामुळे गंजलेला स्पिंडल, पडलेलं व्होल्टेज किंवा सैल कपलर, यातलं काहीही त्याला चकवू शकतं.

एक गोष्ट बिघाड समजून लोक घाबरतात, ती इथेच सांगतो. लांब उतार उतरून गाडी उभी केली, तुम्ही खाली उतरलात आणि काही मिनिटांनी मागून आपोआप ‘घर्र’ असा आवाज आला, तर काळजी करू नका. तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड ढिली पडते, म्हणून बऱ्याच गाड्यांत युनिट स्वतःहून पुन्हा आवळतं.

हात घालण्याआधी

चाकांखाली दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गाडी ‘पी’ मध्ये आहे यावर विसंबू नका. ऑफ-रोड गाडीत ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) न्यूट्रलला असेल तर गिअरबॉक्स ‘पी’ मध्ये असूनही चाकं मोकळी असतात, आणि गाडीला धरणारा तुम्ही आत्ता उघडायला निघालेला पार्किंग ब्रेकच काय तो उरतो. मोटर जोडलेली असताना कॅलिपरच्या तोंडात बोट घालू नका. इग्निशन चालू-बंद होताना किंवा दरवाजा उघडताच काही गाड्या स्वतःहून ब्रेक आवळतात, आणि त्या पकडीतून बोट सुटत नाही.

मग दिव्याकडे पाहा. लाल दिवा स्थिर असेल तर ब्रेक लागलेला आहे. लाल दिवा लुकलुकत असेल तर साधारणपणे पकड पूर्ण झालेली नाही किंवा ब्रेक कोणत्या स्थितीत आहे हे युनिटला कळत नाही. पिवळा दिवा म्हणजे यंत्रणेत दोष नोंदला गेला आहे. नेमका अर्थ गाडीगणिक थोडा बदलतो, तेव्हा हँडबुक उघडायचा कंटाळा नको.

बॅटरीपासून सुरुवात

विंच, जादा लाइट, फ्रिज, कॉम्प्रेसर असं सगळं एकाच बॅटरीवर टांगलेल्या गाडीत पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, आणि १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली. पण खरी परीक्षा कामाच्या वेळी होते. मल्टीमीटर बॅटरीच्या खांबांवर लावून ठेवा आणि कोणाला तरी स्विच ओढायला सांगा. चांगली बॅटरी दोन्ही मोटरी फिरत असतानाही १२ च्या आसपास टिकते. काटा १० कडे घसरत असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग नीट करा. कमी व्होल्टेजला घाबरून युनिट काम अर्धवट सोडतं आणि भलताच कोड नोंदवून ठेवतं.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे युनिटांतले कोड वाचणारं यंत्र. कोडचं पहिलं अक्षर पाहा. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे चासी, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे युनिटांमधलं आपसातलं बोलणं. स्वस्तातले बरेच स्कॅनर इंजिनचेच कोड वाचतात आणि ‘दोष नाही’ असं दाखवून मोकळे होतात. पार्किंग ब्रेकसाठी चासीच्या युनिटांशी बोलणारा स्कॅनर हवा. तोही फक्त पार्किंग ब्रेकपुरता वापरू नका, एबीएसही (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) वाचा. चाकाचा स्पीड सेन्सर चिखलाने बरबटला असेल किंवा त्याची वायर ओरबाडली गेली असेल, तर एबीएस तक्रार करतं आणि त्याच्या भरवशावर चालणारा पार्किंग ब्रेकही दिवा लावतो. सगळे कोड कागदावर लिहून घ्या, मग पुसा, गाडी वापरा आणि पहिल्यांदा कोणता परत येतो ते पाहा. पाच कोडांच्या गर्दीत मूळ दोष बहुतेक वेळा तोच असतो. बाकीचे त्याच्यामागून आलेले असतात, किंवा मागे कधीतरी गाडी धक्का देऊन नाहीतर जंपर लावून चालू केली तेव्हापासून पडून असतात.

वायर तपासायची ती ओझं देऊन

इथे बहुतेकांची फसगत होते. कपलर काढायचा, मल्टीमीटरची टोकं लावायची, १२ व्होल्ट दिसले की ‘वायर चांगली आहे’ म्हणायचं. पण मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच केसासारखी तार उरली असली तरी तो १२ व्होल्टच दाखवेल. मोटर मात्र आवळताना १५-२० अँपिअर मागते. एखाद्या कपलरमध्ये गंजामुळे फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर १८ अँपिअरला तिथेच १.८ व्होल्ट खर्च होतात आणि मोटरपर्यंत पोहोचतात ते दहाच्या आसपास.

म्हणून मी हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब जवळ ठेवतो. संशयित वायर दोन्ही टोकांना मोकळी करायची, म्हणजे युनिटचा कपलरही काढायचा. मग एका टोकाला फ्यूज लावून बॅटरीची वीज द्यायची आणि दुसऱ्या टोकाला बल्ब जोडून अर्थ करायचा. बल्ब साडेचार अँपिअर ओढतो. तो लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर वायरीत दोष आहे. बल्ब पेटलेला असताना वायर हाताने हलवा, पिळा, चाक वर-खाली करा. उजेड थरथरला ती जागा सापडली. अर्थिंगसाठी मोटर फिरत असताना मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं युनिटच्या अर्थवर ठेवायचं. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर अर्थचा बोल्ट काढून पत्रा घासा.

कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर पाणी आत गेलं आहे असं समजा. उतारावर तापलेला ब्रेक थंडगार ओढ्यात बुडतो, मोटरच्या घरातली हवा आकसते आणि सीलमध्ये जरा जरी फट असेल तरी पाणी आत ओढलं जातं. एकदा आत आलेलं पाणी आवरण आणि तार यांच्या मधून केशाकर्षणाने वायरीत दूरवर चढतं. तेव्हा फक्त कपलर पुसून भागत नाही. आवरण थोडं मागे सोलून पाहा, आणि तांबं काळं पडलेलं असेल तर चमकदार तांबं दिसेपर्यंत वायर कापून नवा तुकडा जोडा. जोडावर आतून गोंद सुटणारी हीट-श्रिंक नळी घाला, नुसती इन्सुलेशन टेप चिखलात टिकत नाही.

गाडीला लिफ्ट किट लावलं असेल तर आणखी एक तपासणी. सस्पेन्शन उंच केल्यावर चाक पूर्वीपेक्षा खाली लोंबतं, पण ब्रेकची वायर, केबल आणि होस मूळ लांबीचेच राहतात. चाकं पूर्ण लोंबवून पाहा. वायर सतारीच्या तारेसारखी ताणलेली दिसली तर क्लिपची जागा बदलून तिला ढील द्या. सुरुवातीला सांगितलेल्या गाडीचं दुखणं हेच होतं.

मोटरचं म्हणणं ऐका

वायर निर्दोष निघाली की क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) मोटरच्या वायरीभोवती लावून करंट पाहा. चांगल्या मोटरचा करंट सुरुवातीला क्षणभर उसळतो, मग खाली येऊन दोन-चार अँपिअरवर स्थिर राहतो, पॅड टेकले की चढतो आणि शिखरावर तुटतो. हे आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून तुलना करणं सगळ्यात खात्रीचं. स्थिर राहायच्या टप्प्यातच करंट जास्त असेल तर स्पिंडल कोरडा आहे किंवा गंजला आहे. मोटर फिरण्याचा आवाज येतो पण करंट चढतच नाही, तर आतला गिअर तुटला असण्याची शक्यता मोठी. करंट शून्य आणि वायर चांगली असेल, तरच मोटरचे कार्बन ब्रश किंवा गुंडाळी गेली असं म्हणावं. एवढं झाल्यावरच नव्या मोटरची ऑर्डर द्यायची.

मोटर कॅलिपरपासून बहुधा दोन स्क्रूंनी सुटते. कॅलिपर न उघडता ती काढता येते, ब्रेक ऑइल सांडत नाही. काढल्यावर स्पिंडलचं तोंड हाताने फिरवून पाहा. ते जड पण एकसारखं फिरायला हवं. अडकत, कचकचत फिरत असेल तर दोष कॅलिपरमध्ये आहे, आणि त्यावर नवी मोटर बसवली तर तीही लवकरच मान टाकेल. पिस्टनचा रबरी बूट फाटला असेल तर चिखलाचं पाणी आत जाऊन पिस्टन गंजतो आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात. चार-पाच किलोमीटर चालवून दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. एक बाजू बरीच तापलेली असेल तर ब्रेक त्या बाजूला अडकतो आहे.

ड्रमवाल्या गाडीत तपासणी निराळी. चिखलाचं पाणी ड्रममध्ये शिरतं, पाणी वाळतं आणि वाळू आतच राहते. ती पॉलिश पेपरसारखी शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, खाते. शू झिजले आणि वेळेवर ॲडजस्ट झाले नाहीत की मोटरला केबल जास्त लांब ओढावी लागते, आतली यंत्रणा आपल्या मर्यादेबाहेर ताणली जाते आणि कर्कश किंचाळी ऐकू येते. डिस्कव्हरी ३ च्या मालकांना ती चांगली परिचयाची आहे. त्या किंचाळीला ‘आवाजच आहे, ब्रेक लागतोय ना’ म्हणून सोडून देऊ नका, कारण पुढची पायरी म्हणजे पोटाखालचा अख्खा डबा बदलणं. चिखलातून आल्यावर ड्रम धुणं आणि ठरावीक अंतराने उघडून साफ करणं फार स्वस्त पडतं. शू ॲडजस्ट करताना ते ड्रमला पूर्ण धरेपर्यंत पसरवायचे आणि मग ॲडजस्टरचे मॅन्युअलमध्ये दिलेले तेवढे दाते मागे घ्यायचे, दोन्ही बाजूंना सारखे. नवे शू आधी ठिकठिकाणीच टेकतात, म्हणून त्यांना बसवून घेण्याची जी पद्धत दिली असेल ती टाळू नका. ती न करता चढावर गाडी सोडून बघणं धोक्याचं आहे.

स्विचचा दोष कमी वेळा निघतो, पण निघतो. त्याच्यात एकाच हुकुमासाठी एकाहून जास्त संपर्क असतात. दोघांची साक्ष जुळली नाही की युनिट स्विचवर विश्वास ठेवत नाही. स्कॅनरवर स्विचची स्थिती पाहत तो ओढा आणि दाबा, लगेच कळतं. कंट्रोल युनिट बदलायची वेळ त्याची वीज, अर्थ, फ्यूज आणि दुसऱ्या युनिटांशी बोलण्याच्या वायरी तपासून झाल्यावरच येते. बऱ्याच गाड्यांत नव्या युनिटला गाडीची ओळख प्रोग्राम करून द्यावी लागते, नुसतं लावून चालत नाही.

सर्व्हिस मोड आणि अडकलेला ब्रेक

कॅलिपरवर मोटर असलेल्या गाडीचे पॅड बदलताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईमुळे. पिस्टन मागे जात नाही म्हणून सी-क्लॅम्प लावून दाबला की आतला नट, स्पिंडल किंवा गिअर तुटलाच समजा. आधी स्कॅनरने किंवा हँडबुकात दिलेल्या पद्धतीने सर्व्हिस मोड लावा. मोटर नट पूर्ण मागे घेते, मग पिस्टन सहज दबतो. काम झाल्यावर मोडमधून बाहेर या आणि कॅलिब्रेशन करा, म्हणजे नव्या जाड पॅडचं अंतर युनिटला कळेल. मोटरला बॅटरीची वीज थेट देऊन नट मागे घेणारे लोक आहेत. शेवटच्या टोकाला तिला थांबवणारं कोणी नसतं, नट आपटून रुततो आणि गिअर जातात. मी तो मार्ग सुचवणार नाही.

रानात ब्रेक अडकला तर? केबलवाल्या काही गाड्यांत हाताने ओढून सोडवायची तारेची कडी असते. ती कुठे आहे हे घरून निघायच्या आधी शोधून ठेवा. कॅलिपरवाल्यांत मोटर काढून योग्य मापाच्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) बिटने स्पिंडल सावकाश फिरवावा लागतो. ज्या दिशेने हलका होत जातो ती सुटण्याची दिशा. ठोकळे लावल्याशिवाय हे करायचं नाही, कारण ब्रेक सुटताक्षणी गाडी मोकळी होते.

ब्रेक चांगला, तरी गाडी सरकते

याला बिघाड समजून लोक भाग बदलतात. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमानुसार पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के चढावर किंवा उतारावर धरली पाहिजे. २० टक्के म्हणजे सुमारे ११ अंश. २५०० किलोची गाडी तिथे साधारण ४९० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. तीच ३० अंशांच्या उतारावर उभी केली तर ओढ १२५० किलोची होते, अडीच पट. त्यात टायर मोठे लावून त्रिज्या १० टक्क्यांनी वाढवली असेल तर त्याच ब्रेकची जमिनीवरची पकड सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते.

आणखी एक, पार्किंग ब्रेक सहसा मागच्या चाकांवर असतो. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि ती घट्ट आवळलेली असूनही खडीवर घसरतात. अशा जागी फोर-व्हील ड्राइव्ह लॉक करून ठेवलं तर मागचा ब्रेक शाफ्टमार्फत पुढच्या चाकांनाही धरतो. ठोकळा मात्र तरीही लावायचाच.

दुरुस्तीनंतर मी गाडी तीन ठिकाणी तपासतो. सपाट जागी दहा वेळा ब्रेक लावून-सोडून प्रत्येक वेळी दोन्ही मोटरींचा आवाज सारखा येतो का ते ऐकतो. मग पाय ब्रेकपाशी ठेवून चढावर, एकदा तोंड वर आणि एकदा तोंड खाली करून उभी करतो. शेवटी स्टँडवर, मागची चाकं पूर्ण लोंबलेली असताना, पुन्हा एकदा स्विच ओढतो आणि उजव्या बाजूला कान लावतो.